गुडघा सरकारी, चालणे खासगी

रुग्णालयातून घरी जाताना रुग्णाच्या हाती जो कागद पडतो त्यावर औषधांची नावे असतात, टाके काढण्याची तारीख असते आणि बहुधा सर्वांत खाली, डॉक्टरांच्या सहीच्या जरा वर, दोन-तीन शब्द असतात : 'फिजिओथेरपी सुरू करावी.' कुठे, कोणाकडे, किती दिवस, कशासाठी आणि कोणाच्या पैशाने, यांपैकी काहीही त्या ओळीत नसते. देशभरातल्या अस्थिरोग आणि मेंदूविकार विभागांतून दररोज असे कागद घेऊन माणसे बाहेर पडतात. दिल्लीच्या एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयात मांडीच्या हाडात सळई बसवून घेतलेला मजूर रेल्वेने बिहारमधल्या आपल्या गावी परततो, तेव्हा त्याच्या दृष्टीने उपचार संपलेले असतात. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळेल, आता आराम करायचा. गुडघा वाकत नाही हे त्याच्या लक्षात येते ते दीड-दोन महिन्यांनी. आणि तोवर त्या खालच्या ओळीची किंमत बरीच वाढलेली असते.

ही ओळ आपल्या आरोग्यव्यवस्थेची सीमारेषा आहे. तिच्या अलीकडे जे घडते त्यासाठी योजना आहेत, दरपत्रके आहेत, विमा आहे, नियंत्रित किमती आहेत. तिच्या पलीकडे रुग्ण एकटा असतो. फिजिओथेरपी नव्याने सुरू करणाऱ्याने काय जाणून घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता वृत्तपत्राच्या आरोग्य-पुरवणीतला वाटेल. परंतु जी माहिती नसल्याने रुग्ण पहिल्या दिवशी गोंधळतो, ती त्याला कोणी का दिली नाही याचे उत्तर धोरणातच सापडते. म्हणून या दोन्ही गोष्टी एकत्रच पाहाव्या लागतात.

प्रश्नाचा आवाका लहान नाही. 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि जागतिक आरोग्य संघटनेने उचलून धरलेल्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगातील सुमारे २४१ कोटी लोकांना पुनर्वसन-उपचारांचा लाभ होऊ शकला असता. म्हणजे साधारण दर तिघांपैकी एकाला. यातला सर्वांत मोठा वाटा हाडे, स्नायू आणि सांध्यांच्या विकारांचा, आणि त्यातही कंबरदुखीचा. आपल्याकडे यात रस्त्यांची भर पडते. २०२२ या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. तो आकडा मथळ्यात येतो. त्याच अहवालातला जखमींचा आकडा, ४ लाख ४३ हजारांहून अधिक, बातमीच्या तळाशी राहतो; आणि त्या जखमींपैकी किती जण पुन्हा आपल्या कामावर जाऊ शकले हे विचारण्याची आपल्याला सवयच नाही.

गुडघ्याचे उदाहरण घेऊ, कारण तिथे सरकारने खरोखरच काही केले आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला कमाल मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या, म्हणजे सर्रास वापरल्या जाणाऱ्या गुडघ्याची मर्यादा तेव्हा ५४,७२० रुपये ठरली; लाखालाखाचे सांधे एका आदेशाने मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. पुढच्या वर्षी आयुष्मान भारत योजना आली, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांची हमी घेऊन. आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता तिच्यात सामावून घेतले गेले. ज्यांचे गुडघे झिजलेले असतात तो नेमका हाच वयोगट. हे निर्णय स्वागतार्ह होते, यात शंका नाही.

मात्र या योजनेत रुग्णालयातून घरी गेल्यानंतरच्या खर्चाची जबाबदारी १५ दिवसांपर्यंतच आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या शरीराला हे वेळापत्रक मान्य नसते. गुडघा बदलल्यावर रुग्णाला बहुधा दुसऱ्या दिवशीच उभे करतात, आठवड्याभरात तो वॉकर धरून घरातल्या घरात फिरू लागतो आणि नातेवाईकांना वाटते, झाले. खरे काम त्यानंतर सुरू होते. गुडघा पूर्ण सरळ होणे, पुरेसा वाकणे, मांडीच्या पुढच्या स्नायूंत जिना चढण्याइतकी ताकद येणे, यासाठी सहा ते बारा आठवडे नेटाने व्यायाम लागतो. या काळात सांधा पुरेसा हलला नाही तर आत व्रणाची ऊती घट्ट होत जाते, आणि मग भूल देऊन गुडघा वाकवण्याची वेळ येऊ शकते. एका सिटिंगचे ५०० रुपये धरले, आठवड्याला तीन आणि असे आठ आठवडे, तर १२,००० रुपये होतात. त्यात रिक्षाचे भाडे नाही आणि सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली रोजंदारीही नाही. सरकारने दिलेला सांधा नीट वापरता यावा यासाठी लागणारी ही रक्कम गरीब कुटुंबाने स्वतःच्या खिशातून घालायची असते. अनेक घरांत ती घातली जात नाही.

खासगी विम्याचीही तऱ्हा फारशी वेगळी नाही. विमा नियामकाने सर्व कंपन्यांना विकायला लावलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाण पॉलिसीत रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीचे ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस यांतील संबंधित खर्च मिळतो. या ६० दिवसांत, डॉक्टरांची लेखी सूचना आणि रीतसर बिले असतील तर, फिजिओथेरपीचा दावा करता येतो. ही गोष्ट नव्या रुग्णाने पहिल्याच दिवशी ध्यानात ठेवावी : डिस्चार्ज कार्डावर फिजिओथेरपीची सूचना स्पष्ट लिहून घ्यावी, आणि प्रत्येक सिटिंगची पावती, देणाऱ्याच्या नोंदणी क्रमांकासह, जपून ठेवावी. साध्या वहीच्या पानावर लिहून दिलेली रक्कम कोणतीही कंपनी मान्य करत नाही.

परंतु ज्याला रुग्णालयात दाखलच व्हावे लागले नाही त्याचे काय? कंबरदुखी, मानदुखी, मधुमेही माणसाचा आखडलेला खांदा, चाळिशीतल्या बाईचे झिजू लागलेले गुडघे, हे फिजिओथेरपीचे सर्वाधिक रुग्ण. त्यांच्यासाठी बहुतेक पॉलिसींत एक पैसाही नाही. परिणामी एक विचित्र गणित तयार होते. गुडघ्याच्या झिजेवर व्यायाम आणि वजन-नियंत्रण हा पहिला उपचार, हे जगभरातली मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तो उपचार रुग्णाने स्वतःच्या पैशाने करायचा. तो परवडला नाही आणि गुडघा आणखी झिजला, की मग दीड-दोन लाखांची शस्त्रक्रिया विम्यातून किंवा सरकारी योजनेतून होते. स्वस्त उपचाराला दार बंद आणि महाग उपचाराला दार उघडे, अशी रचना कोणी ठरवून केली नसेल. ती तशी झाली आहे आणि चालू आहे, एवढे खरे.

आता त्या पहिल्या दिवसाकडे येऊ. आपल्याकडचा नवा रुग्ण फिजिओथेरपी केंद्रात येतो तो मनात एक चित्र घेऊन : पडद्याआडची खाट, तिच्यावर आडवे व्हायचे, कोणीतरी यंत्राच्या तारा लावेल, शेक देईल, वीस मिनिटांनी घंटी वाजेल, उठून पैसे द्यायचे. 'करंट लावून घेणे' हा शब्दप्रयोगच त्यातून रूढ झाला आहे. पुष्कळ केंद्रांत घडतेही असेच. चांगल्या फिजिओथेरपिस्टचा पहिला दिवस मात्र यंत्राने सुरू होत नाही. तो प्रश्नांनी सुरू होतो. दुखणे केव्हापासून आहे, रात्री झोपेतून जागे करते का, काम काय करता, घरात जिना आहे का, शौचालय भारतीय पद्धतीचे की कमोड, मधुमेह-रक्तदाब आहे का, हृदयाचा त्रास आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. मग तो तुम्हाला चालायला, वाकायला, खुर्चीवरून उठायला सांगतो, सांधा किती अंश वाकतो ते मोजतो, स्नायूंची ताकद तपासतो आणि हे सगळे लिहून ठेवतो. हा पाऊण तास वाया गेला असे रुग्णाला वाटते, कारण 'ट्रीटमेंट' तर झालीच नाही. खरे तर हीच नोंद महिनाभराने उपयोगी पडते. पहिल्या दिवशी गुडघा किती वाकत होता हे लिहिलेलेच नसेल, तर पैसे देऊन काय मिळाले हे कळणार कसे?

या दिवसासाठी जुने अहवाल, क्ष-किरण चित्रे आणि औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी; कपडे सैल असावेत. स्त्रियांच्या बाबतीत हा मुद्दा वाटतो तितका किरकोळ नाही. खांदा किंवा कंबर तपासायची तर ती दिसावी लागते, आणि अनेक केंद्रांत आडोसा म्हणजे अर्धा फाटका पडदा असतो. तपासणीपूर्वी काय करणार हे सांगण्याची आणि विचारण्याची पद्धत असलीच पाहिजे. स्त्री थेरपिस्टची किंवा सोबत कोणी असण्याची मागणी करणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि त्यात संकोचण्यासारखे काही नाही. संकोचामुळे दुसऱ्या दिवशी परत न येणाऱ्या स्त्रियांची नोंद कोणत्याही सरकारी तक्त्यात होत नाही.

यंत्रांविषयी जरा स्पष्ट बोलायला हवे. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांच्या दीर्घकालीन कंबरदुखीविषयी पहिल्यांदाच मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत रुग्णाला समजावून देणे आणि आखीव व्यायाम यांची शिफारस आहे. मालिश आणि मणक्यावरील हस्तोपचारांनाही स्थान आहे. ज्या गोष्टी सर्रास वापरू नयेत म्हणून सांगितल्या आहेत त्यांची यादी आपल्या रुग्णांनी वाचण्यासारखी आहे : कमरेचे पट्टे, वजन लावून ताणणे म्हणजे ट्रॅक्शन, अल्ट्रासाऊंडचे उपचार, 'टेन्स' नावाचे विद्युत-उपचार. आपल्या गल्लीतल्या केंद्राचा निम्मा दिवस ज्यावर चालतो तेच हे. याचा अर्थ प्रत्येक यंत्र निरुपयोगी आहे असा नव्हे. पक्षाघातानंतर लुळ्या पडलेल्या पावलासाठी विद्युत-उत्तेजनाचा उपयोग होतो, आणि शेकाने दुखणे तात्पुरते कमी झाले तर व्यायाम करणे सोपे जाते. पण तीन आठवडे केवळ खाटेवर पडून शेक घेतला आणि एकही व्यायाम शिकला नाही, असे झाले असेल तर रुग्णाने प्रश्न विचारावा. चांगला थेरपिस्ट त्याने रागावत नाही.

केंद्रे यंत्रांवर का चालतात, याचे कारण केवळ लोभ नाही. यंत्र लावले की एक थेरपिस्ट एकाच वेळी चार रुग्ण पाहू शकतो. व्यायाम शिकवायचा तर एकाजवळ उभे राहावे लागते. रुग्णाला यंत्र दिसते, म्हणून तो पैसे देतो. 'रोज पन्नास वेळा खुर्चीवरून उठा-बसा' या सल्ल्याचे पाचशे रुपये द्यायला त्याचे मन घेत नाही. आणि सरकारही यात निर्दोष नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या जुन्या दरपत्रकांत फिजिओथेरपीच्या सदराखाली अल्ट्रासाऊंड, शॉर्ट वेव्ह, विद्युत-उत्तेजन, ट्रॅक्शन, मेणाचा शेक अशा यंत्रागणिक नोंदी आढळतात. ज्या नोंदीचे पैसे मिळतात ती सेवा वाढते, हा तर साधा व्यवहार आहे. मूल्यमापन, शिकवणे आणि महिन्याने पुन्हा मोजणे यांना दर लावला असता तर केंद्रांचे रूप आज वेगळे असते.

नव्या रुग्णाला दुसरे कोणीच सांगत नाही ते दुखण्याविषयी. आखडलेला सांधा हलवायला लागले की दुखते, आणि दुखले की रुग्णाला वाटते आपले काही बिघडले. साधारण खूण अशी : व्यायामानंतर येणारी ठसठस काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत उतरली तर चिंतेचे कारण नाही, सांधा सुजला, गरम झाला किंवा वेदना दुसऱ्या दिवसानंतरही चढतीच राहिली, तर मात्रा जास्त झाली असे समजून थेरपिस्टला सांगावे. मुकाट्याने यायचे बंद करू नये. दुसरी गोष्ट वेळेची. ताकद वाढायला आठवडे लागतात, आखडलेल्या खांद्याला कधी वर्षही लागते. पाच सिटिंगमध्ये बरे करतो म्हणणाऱ्यापासून जितके सावध राहावे तितकेच वीस सिटिंगचे पैसे आगाऊ मागणाऱ्यापासूनही राहावे. आणि केंद्रातल्या अर्ध्या तासापेक्षा उरलेल्या साडेतेवीस तासांत काय होते त्यावर निकाल अवलंबून असतो. घरी करायचे व्यायाम तीन-चारच असावेत, कागदावर चित्रांसह असावेत, आणि पुढच्या भेटीत ते करून दाखवायला सांगितले जावे. बारा व्यायामांची छापील यादी देणारा थेरपिस्ट आपल्या रुग्णाला ओळखत नाही, असे मी म्हणेन.

उद्दिष्टही रुग्णाच्या घरातून यायला हवे. पाठ्यपुस्तके बहुतांशी पाश्चात्त्य देशांतून आलेली. तिथला माणूस खुर्चीवर बसतो, कमोड वापरतो, पलंगावर झोपतो. आपल्याकडे जेवण पाटावर, देवपूजा मांडी घालून, शौच उकिडवे बसून, आणि शेतातली लावणी कमरेत वाकून. कृत्रिम गुडघा बसवलेल्या रुग्णाला बहुधा जमिनीवर बसू नका असे सांगितले जाते. म्हणजे त्याच्या घरात कमोडची खुर्ची लागेल, नमाजाची किंवा पूजेची पद्धत बदलावी लागेल, लग्नाच्या पंगतीत वेगळी खुर्ची मागावी लागेल. शस्त्रक्रियेपूर्वी हे कोणी सांगितले असते तर काहींनी निर्णय पुढेही ढकलला असता. 'मला पुन्हा नातवाला शाळेत सोडायला जायचे आहे' किंवा 'मला डोक्यावरून हंडा आणायचा आहे' असे आपले उद्दिष्ट पहिल्याच दिवशी थेरपिस्टला सांगावे. त्यावरून उपचार ठरतो.

काही दुखणी व्यायामाची नसतात, हेही पहिल्या दिवशीच कळले पाहिजे. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघांच्या मध्ये बधिरपणा येणे, पायातली शक्ती दिवसेंदिवस कमी होणे, ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत. संध्याकाळचा ताप, वजन घटणे आणि रात्री वाढणारी पाठदुखी असेल तर आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग डोळ्यांसमोर असायलाच हवा. पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाची नवी पाठदुखीही तशीच तपासावी लागते. शस्त्रक्रियेनंतर एका पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर ती चोळू नये. रक्ताची गुठळी असू शकते. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट या खुणा ओळखतो आणि रुग्णाला परत पाठवतो. दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम करून फलक लावलेला माणूस ओळखत नाही.

आणि इथे येतो तो सर्वांत जुना प्रश्न : समोरचा माणूस फिजिओथेरपिस्ट आहे हे रुग्णाने ओळखायचे कसे? 'भौतिकोपचार' हा शब्द सरकारी फलकांवर दिसतो, पण लोकांच्या तोंडी 'फिजिओ'च आहे. आणि त्या एका शब्दाखाली साडेचार वर्षांची पदवी घेतलेला, जिममधला प्रशिक्षक, मालिशवाला आणि रुग्णालयातला जुना वॉर्डबॉय असे सगळे खपून जातात. या व्यवसायाची आपल्याकडची सुरुवात सन्मानाने झाली होती. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या वर्षांत मुंबईत पोलिओची साथ आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५३ मध्ये केईएम रुग्णालयात देशातील पहिली फिजिओथेरपी शाळा उभी राहिली. तिकडे वेल्लोरला १९५४ च्या अपघातात कमरेखाली अधू झालेल्या डॉ. मेरी वर्गीस चाकाच्या खुर्चीतून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करत राहिल्या, आणि १९६६ मध्ये त्यांच्या प्रयत्नांतून तिथे पुनर्वसन संस्था सुरू झाली. स्नायूचे टोक हलवून दुसऱ्या बोटाला जोडले तरी ते बोट कसे वाकवायचे हे रुग्णाला नव्याने शिकावे लागते. म्हणून वेल्लोरला थेरपिस्टचे काम शस्त्रक्रियेपासून वेगळे काढले जात नसे. ही दृष्टी पुढे देशभर पसरायला हवी होती.

पसरली ती महाविद्यालये. राष्ट्रीय पातळीवरचा कायदा यायला मात्र २०२१ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने फिजिओथेरपिस्टची व्याख्या केली, किमान पदवी आवश्यक ठरवली आणि त्याला स्वतंत्रपणे व्यवसाय करण्याची मुभा मान्य केली. राज्यांनी आपापल्या परिषदा स्थापून नोंदवही ठेवायची होती. बहुतेक राज्यांनी ते मनावर घेतले नाही; ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दोन महिन्यांत अंमलबजावणी करा असे बजावावे लागले. महाराष्ट्र आणि दिल्ली यांच्याकडे त्याआधीपासून स्वतःच्या परिषदा होत्या, त्यामुळे तिथल्या रुग्णाला नोंदणी क्रमांक विचारता तरी येतो. इतर अनेक ठिकाणी क्रमांक विचारला तर तो कोणाकडे पडताळायचा, हा प्रश्न उरतो.

यादरम्यान सार्वजनिक चर्चा कशावर झाली? सप्टेंबर २०२५ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी 'डॉ.' लावू नये असे पत्र काढले, आणि दुसऱ्याच दिवशी अधिक विचाराची गरज असल्याचे सांगून ते मागे घेतले. डॉक्टरांच्या संघटना एकीकडे, फिजिओथेरपिस्टांच्या दुसरीकडे. रुग्णाची दिशाभूल होऊ नये ही चिंता रास्त आहे. पण दोन अक्षरांवर जितकी शाई खर्ची पडली त्याच्या दशांशही नोंदवहीच्या प्रश्नावर पडली नाही. रुग्णाची खरी दिशाभूल करतो तो ज्याच्या नावापुढे कोणतीच पदवी नाही असा माणूस, आणि त्याच्याविषयी दोन्ही बाजू गप्प होत्या.

तज्ज्ञ अपुरे आहेत, मग घरच्यांनाच शिकवावे, असा एक मोहक उपाय वारंवार सुचवला जातो. त्याची आपल्याच देशात नीट चाचणी झाली आहे. पक्षाघाताच्या सुमारे १२५० रुग्णांवर, देशातील १४ रुग्णालयांत 'अटेंड' नावाचा अभ्यास झाला. निम्म्या रुग्णांच्या कुटुंबातील एका व्यक्तीला पुनर्वसनाचे प्रशिक्षण देऊन घरी पाठवले गेले. निष्कर्ष २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबित्वाचे प्रमाण सारखेच होते. कुटुंबाची साथ निरर्थक आहे असा याचा अर्थ मी घेत नाही. व्यायामाची आठवण करणारे, हात धरून चालवणारे कोणी नसेल तर कोणताही उपचार टिकत नाही. पण तज्ज्ञाच्या जागी नातेवाईक बसवून राज्यसंस्थेला हात झटकता येणार नाहीत, एवढे तो अभ्यास नक्कीच सांगतो. शिवाय 'कुटुंब' या गोंडस शब्दाआड कोण असते तेही पाहावे. नवऱ्याला पक्षाघात झाला तर बायको व्यायाम करून घेते. बायकोला झाला तर बहुधा सून किंवा मुलगी, तीही उपलब्ध असेल तर. आणि स्वयंपाकघर रिकामे ठेवता येत नाही म्हणून तिचे पुनर्वसन तिसऱ्या आठवड्यात भाकऱ्या थापण्यावर येऊन थांबते.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे महाग नाही. आयुष्मान भारतमधील सांधेबदल, मोठे अस्थिभंग आणि पक्षाघात यांच्या दरांत १५ दिवसांच्या जागी बारा आठवड्यांचे पुनर्वसन समाविष्ट करावे, आणि रुग्णालयाला रकमेचा एक हप्ता बारा आठवड्यांनी रुग्ण किती चालतो हे मोजून झाल्यावरच द्यावा. मग रुग्णालयच रुग्णाचा पाठपुरावा करील. दरपत्रकांतून यंत्रागणिक नोंदी काढून मूल्यमापन आणि व्यायामाचे सत्र यांना दर लावावा. विमा नियामकाने बाह्यरुग्ण फिजिओथेरपीची मर्यादित का होईना, पण सक्तीची तरतूद प्रमाण पॉलिसीत आणावी. कंपन्या खर्च वाढेल म्हणून ओरडतील, पण टळलेल्या शस्त्रक्रियांचा हिशोबही त्यांनी मांडून दाखवावा. डिस्चार्ज कार्डावरच्या त्या एका ओळीच्या जागी अर्धे पान असावे : जवळच्या सरकारी केंद्राचे नाव, पहिल्या भेटीची तारीख, सहा आठवड्यांत अपेक्षित प्रगती आणि धोक्याची लक्षणे, रुग्णाच्या भाषेत.

सरकारी केंद्रे अगदीच नाहीत असे नाही. वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१० पासून जिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपीची तरतूद आहे, आणि अनेक ठिकाणी थेरपिस्ट आहेतही. परंतु हे विभाग बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत, म्हणजे सकाळी उघडतात आणि दुपारी मिटतात. आठवड्यातून तीन सकाळी रोजगार बुडवून, वीस-तीस किलोमीटरचा प्रवास करून यायचे आणि अर्ध्या तासासाठी रांगेत उभे राहायचे, हे पायात सळई असलेल्या माणसाकडून अपेक्षिले जाते. दुपारच्या वेळेत किंवा संध्याकाळी दोन तास हा विभाग उघडा ठेवायला संसदेची मंजुरी लागत नाही. जिल्हा शल्यचिकित्सकाच्या पातळीवर हा निर्णय होऊ शकतो, आणि कोणत्याही राज्याने एका जिल्ह्यात तो करून पाहायला हरकत नाही. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, थेरपिस्ट बसला तरी निम्म्या रुग्णांचा प्रवास वाचेल. त्या दिवशी लोक तसेही येतातच.